पाचच्या पाच रेस जिंकूनही तो वर्ल्ड चॅम्पियन झाला नाही, दोन वर्षांनी मोडक्या हाडाने आला आणि मैदान मारून गेला

सप्टेंबर १९३६. महिनाभरापूर्वीच ध्यानचंदच्या टीमने बर्लिन ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये जर्मनीला ८-१ ने धुतलं होतं. भारतात त्याची चर्चा सुरू होती. तिकडे लंडनमध्ये मात्र लोकांना वेगळ्याच खेळाचं वेड लागलं होतं.

१० सप्टेंबरच्या रात्री वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ७४ हजार लोक जमले होते. मॅच फुटबॉलची नव्हती. दिव्यांच्या झगमगाटात मातीच्या गोल ट्रॅकवर मोटरसायकली पळणार होत्या. स्पीडवे नावाच्या खेळाची ही पहिलीवहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल.

त्या रात्री एक लाल केसांचा ऑस्ट्रेलियन पोरगा पाच वेळा ट्रॅकवर उतरला आणि पाचही वेळा पहिला आला. समोर कोणीही असो, सगळ्यांना त्याने मागे टाकलं.

आणि तरीही त्याचा नंबर आला तिसरा.

त्याचं नाव आर्थर जॉर्ज विल्किन्सन. पण या नावाने त्याला क्वचितच कोणी ओळखायचं. सगळ्या जगासाठी तो ब्लूई विल्किन्सन होता.

आधी हा स्पीडवे काय प्रकार आहे ते बघू

आपल्याकडे गाडीवरचा थरार म्हटलं की जत्रेतला 'मौत का कुआँ' आठवतो. फळ्यांच्या विहिरीत गोल गोल फिरणारी बुलेट आणि वरून नोटा दाखवणारी पब्लिक. स्पीडवे त्यापेक्षा वेगळा. इथे विहीर नाही, सपाट मैदान आहे. अंड्याच्या आकाराचा ट्रॅक, त्यावर सैल, भुसभुशीत खडी किंवा कोळशाची राख पसरलेली. एका वेळी चार रायडर, चार चक्कर, आणि साधारण मिनिटभरात खेळ खल्लास.

पण खरी गंमत गाडीत आहे. ५०० सीसीचं इंजिन, पेट्रोलऐवजी अल्कोहोलवर चालणारं. आणि गाडीला ब्रेक नाही.

हो, ब्रेकच नसतो. मग वळणावर थांबवायचं कसं? थांबवायचंच नाही. रायडर मुद्दाम मागचं चाक घसरू देतो, हँडल उलट्या बाजूला वळवतो आणि तिरपी झालेली गाडी थ्रॉटलच्या जोरावर वळणातून काढतो. डावा पाय जमिनीला टेकलेला असतो, म्हणून डाव्या बुटाला लोखंडी तळ बसवलेला असतो. मागच्या चाकातून उडणारी खडी पाठीमागच्या रायडरच्या तोंडावर. त्यामुळे सुरुवातीलाच पुढे निघालात तर ठीक, नाहीतर पुढची तीन चक्करं माती खात काढायची.

पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. इतका सोपा हिशोब. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं रामायण घडणार आहे.

हा खेळ नेमका कुणी सुरू केला यावर वाद आहेत, पण त्याचं बारसं साधारणपणे ऑस्ट्रेलियात झालं असं मानतात. न्यू साऊथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंड गावात डिसेंबर १९२३ मध्ये शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात मोटरसायकलच्या रेस झाल्या. त्या आयोजनात जॉनी हॉस्किन्स नावाचा एक न्यूझीलंडचा माणूस होता. गर्दी कशी खेचायची हे त्या माणसाला बरोबर कळायचं. याला पण लक्षात ठेवा.

खाटकाच्या दुकानातला पोरगा

ब्लूईचा जन्म २७ ऑगस्ट १९११ चा, न्यू साऊथ वेल्समधल्या मिलथॉर्प या छोट्या गावातला. तो लहान असतानाच घर बाथर्स्टला आलं. बाथर्स्ट म्हणजे सिडनीपासून साधारण २०० किलोमीटरवरचं गाव. आज मोटर रेसिंगच्या फॅन लोकांना हे नाव तोंडपाठ असतं, कारण माउंट पॅनोरमाचा प्रसिद्ध ट्रॅक तिथेच आहे. पण तो ट्रॅक झाला १९३८ मध्ये. ब्लूईच्या लहानपणी तिथे असलं काही नव्हतं.

त्याचे केस लालभडक होते. ऑस्ट्रेलियात लाल केसांच्या माणसाला 'ब्लूई' म्हणजे निळू म्हणायची पद्धत आहे. आपल्याकडे धिप्पाड मित्राला जसं 'काडी' म्हणून हाक मारतात, तसाच उलटा विनोद. हे नाव त्याला चिकटलं ते कायमचं.

पोरगं खाटकाच्या दुकानात कामाला लागलं. त्याच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधायचा तर तो साधा होता. काही वर्षं नोकरी, मग जमलं तर स्वतःचं दुकान. पण १९२८ च्या आसपास स्पीडवे ऑस्ट्रेलियाच्या गावागावात पोहोचला होता आणि सतरा वर्षांच्या पोराला गाडीची चटक लागायला अजून काय लागतं?

त्याच सुमाराला तिकडे इंग्लंडमध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्ये, हाय बीच या ठिकाणी एका हॉटेलच्या मागच्या ट्रॅकवर अशाच रेस झाल्या. आयोजकांनी जेवढ्या लोकांचा अंदाज बांधला होता त्याच्या कित्येक पट लोक आले. पब्लिक अक्षरशः ट्रॅकवर उतरली होती. पैसा कुठे आहे हे स्टेडियमवाल्यांना एका दिवसात कळलं. वर्षभरात इंग्लंडभर ट्रॅक उभे राहिले. ट्रॅक होते, प्रेक्षक होते, पण हा खेळ येणारे रायडर कुठे होते? ऑस्ट्रेलियात.

मग ऑस्ट्रेलियन पोरांची रांग लागली. बोटीने पाच-सहा आठवडे प्रवास करून ही पोरं लंडनला यायची. त्यात १९२९ मध्ये सतरा-अठरा वर्षांचा ब्लूईसुद्धा होता.

वेस्ट हॅम

त्याला टीम मिळाली वेस्ट हॅम. पूर्व लंडनमधल्या कस्टम हाऊस भागात, गोदीच्या शेजारी हे अवाढव्य स्टेडियम १९२८ मध्ये उघडलं होतं. त्याचा ट्रॅक इंग्लंडमधल्या सर्वात लांब ट्रॅकपैकी एक. आजूबाजूला गोदी कामगारांची वस्ती. दिवसभर बोटी भरायच्या-उतरवायच्या आणि संध्याकाळी कुटुंबकबिल्यासह स्पीडवेला जायचं, हा तिथला शिरस्ता झाला. गिरणगावातल्या कामगाराला कबड्डीचं जे वेड होतं, साधारण तसंच.

पण ब्लूई आला आणि लगेच स्टार झाला असं काही झालं नाही. त्या काळात व्हिक हक्सली, फ्रँक आर्थर अशी ऑस्ट्रेलियन नावं गाजत होती. वेस्ट हॅमकडे स्वतःचा कॅप्टन 'टायगर' स्टीव्हन्सन होता, टॉमी क्रूम्ब्स होता. या सगळ्यांत बाथर्स्टचं पोरगं म्हणजे टीमच्या शेपटाला लागलेलं नाव. सुरुवातीची काही वर्षं त्याने शिकण्यात घालवली. इंग्लंडचा उन्हाळा संपला की बोटीने घरी, तिकडच्या उन्हाळ्यात सिडनी शोग्राउंडवर रेस, आणि पुन्हा बोटीने इंग्लंड. हिवाळा नावाचा ऋतू त्याच्या वाट्याला फारसा आलाच नाही.

हळूहळू पोरगं तयार झालं. इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया अशा स्पीडवेच्या कसोटी मॅच १९३० पासून सुरू झाल्या होत्या. ॲशेसचंच वातावरण, फक्त बॅटच्या जागी मोटरसायकल. त्यात तो ऑस्ट्रेलियाकडून खेळायला लागला. वेस्ट हॅममध्ये तो आणि आर्थर ॲटकिन्सन ही नावं एका दमात घेतली जायला लागली. आणि वेस्ट हॅमचा कारभार कोणाकडे आला होता माहितीये? जॉनी हॉस्किन्सकडे. वेस्ट मेटलंडवालाच तो.

पैशाचं बोलायचं तर इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूला त्या काळी आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड द्यायचे असा नियमच होता. स्पीडवेत असा नियम नव्हता. रेसला उतरायचे पैसे वेगळे, पॉइंटचे वेगळे. चांगला रायडर फुटबॉलपटूच्या आठवड्याच्या पगाराला सहज मागे टाकायचा. खाटकाच्या दुकानातल्या पोराने सहा आठवडे बोटीत का काढले, याचं उत्तर इथे आहे.

पण त्या पैशाची दुसरी बाजूही होती. ऑगस्ट १९३५ मध्ये न्यू क्रॉसच्या ट्रॅकवर टॉम फार्नडन नावाच्या रायडरचा अपघात झाला. फार्नडन म्हणजे इंग्लंडचा लाडका हिरो. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये काढून तो गेला. या ट्रॅकवर उतरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं की लेदरचा सूट आणि हेल्मेट यांच्यापलीकडे आपल्याकडे काही नाही.

न्यू क्रॉस हे नावही डोक्यात असू द्या.

ती रात्र, जिथे गणित जिंकलं

आता पुन्हा १९३६ च्या वेम्बलीवर येऊ.

फायनलमध्ये १६ रायडर. प्रत्येकाला पाच रेस. आखणी अशी केलेली की प्रत्येक रायडर बाकीच्या पंधराही जणांशी एकदा तरी भिडतो. म्हणजे पाचही रेस जिंकल्या तर १५ पॉइंट आणि तुम्ही सगळ्यांना हरवलंय हे सिद्ध. याहून स्वच्छ निकाल कोणता असू शकतो?

पण आयोजकांनी यात एक शेपूट जोडलं होतं. फायनलच्या आधी निरनिराळ्या ट्रॅकवर पात्रता फेऱ्या झाल्या होत्या आणि तिथल्या कामगिरीवरून प्रत्येकाला बोनस पॉइंट मिळाले होते. ते फायनलच्या पॉइंटमध्ये मिळवायचे. वर्षभर मेहनत करणाऱ्याला न्याय मिळावा हा हेतू. हेतू चांगलाच होता.

ब्लूईचा बोनस होता १०. त्याच्याच देशाच्या लायोनेल व्हॅन प्रागचा १२. इंग्लंडच्या एरिक लँगटनचा १३.

ब्लूईने त्या रात्री १५ पैकी १५ घेतले. व्हॅन प्रागला हरवलं, लँगटनला हरवलं. व्हॅन प्रागला मिळाले १४, लँगटनला १३. आता बेरीज करा. व्हॅन प्राग २६. लँगटन २६. ब्लूई विल्किन्सन २५.

एका पॉइंटने गेलं.

लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क, पण इंटर्नलचे कमी पडले म्हणून पहिला नंबर दुसऱ्याला. ज्या दोघांना त्याने तासाभरापूर्वी हरवलं होतं ते दोघं आता टायटलसाठी आपसात रेस लावणार होते, आणि हा बघत बसणार होता.

त्या टायब्रेकरचीही एक भानगड आहे. सुरुवातीलाच लँगटनने फीत तोडली. नियमाने तो बाद व्हायला हवा होता, पण व्हॅन प्रागला असं फुकटचं टायटल नको होतं, रेस पुन्हा घेतली गेली. लँगटन पुढे निघाला आणि शेवटच्या चक्करपर्यंत पुढेच होता. मग व्हॅन प्रागने आतल्या बाजूच्या बारीकशा फटीतून गाडी घुसवली आणि चाकभर अंतराने जिंकला. पुढे अशी कुजबुज झाली की दोघांनी आधीच ठरवलं होतं, पहिल्या वळणावर जो पुढे असेल त्याला जिंकू द्यायचं, आणि शब्द मोडल्याबद्दल व्हॅन प्रागने नंतर लँगटनच्या हातात गुपचूप ५० पौंड ठेवले. खरं-खोटं त्या दोघांनाच माहीत.

व्हॅन प्रागला खलनायक करायचं मात्र काही कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात हा माणूस ऑस्ट्रेलियन हवाई दलात होता. १९४२ मध्ये जपान्यांनी त्याचं विमान समुद्रात पाडलं, तेव्हा जखमी सहकाऱ्यांना तासन् तास पाण्यावर तरंगत ठेवून त्याने वाचवलं आणि त्यासाठी त्याला जॉर्ज मेडल मिळालं. नियम त्याने बनवले नव्हते. ज्या नियमांनी तो चॅम्पियन झाला, त्याच नियमांनी ब्लूई राहिला.

तरी स्पीडवेच्या इतिहासात ही सल राहिलीच. फायनलमध्ये एकही रेस न हरलेला माणूस वर्ल्ड चॅम्पियन नाही, हे वाक्य कसंही फिरवून वाचलं तरी विचित्रच वाटतं.

एक वर्ष अमेरिकेचं

१९३७ ची फायनल ब्लूईची नव्हती. तिथे अमेरिकन पोरांनी धुमाकूळ घातला. पहिला जॅक मिल्न, दुसरा विल्बर लॅमरो, तिसरा जॅकचा भाऊ कॉर्डी मिल्न. तिन्ही नंबर अमेरिकेला. ब्लूईला समाधान मिळालं ते टीमकडून, वेस्ट हॅमने त्या वर्षी नॅशनल लीग जिंकली. गोदीच्या वस्तीत काय जल्लोष झाला असेल ते सांगायला नको.

आणि मग १९३८

या वर्षी ब्लूई २७ वर्षांचा झाला. अनुभव होता, अंगात जोर होता, आणि वर्ल्ड फायनलसाठी ज्यांची नावं घेतली जात होती त्यात तो वरच होता. फायनलची तारीख १ सप्टेंबर, गुरुवार. जागा पुन्हा वेम्बली.

बुधवारी रात्री न्यू क्रॉसला मॅच होती.

हो, तेच न्यू क्रॉस. हा ट्रॅक इतका छोटा आणि आवळलेला होता की लोक त्याला 'फ्राइंग पॅन' म्हणजे तवा म्हणायचे. वेस्ट हॅमच्या लांबलचक ट्रॅकवर वाढलेल्या माणसासाठी तर गल्लीत गाडी फिरवण्यासारखं. दुसऱ्या दिवशी आयुष्यातली सर्वात मोठी रेस आहे, मग आदल्या रात्री तिथे जायचंच कशाला, असं आज आपल्याला वाटतं. आजच्या खेळाडूला टीमने सक्तीची विश्रांती दिली असती. पण तेव्हाचा स्पीडवे आठवडाभर चालणारा धंदा होता. मॅच असली की उतरायचं.

ब्लूई उतरला, पडला आणि त्याचं कॉलरबोन मोडलं.

कॉलरबोन मोडणं म्हणजे काय हे ज्याचं मोडलंय त्यालाच कळतं. हात उचलला तरी डोळ्यासमोर काजवे चमकतात. आणि स्पीडवेमध्ये तर सगळा खेळ खांद्यांचा. ब्रेक नसलेली, घसरत जाणारी गाडी दोन हातांच्या ताकदीवर वळणात धरून ठेवायची. खड्ड्यातून चाक गेलं की त्याचा दणका हँडलमधून थेट खांद्यात. एका रात्रीत अशा पाच रेस.

दोन वर्षांपूर्वी एका पॉइंटने गेलेलं टायटल, आणि आता मोडलेलं हाड. कोणीही म्हटलं असतं, नशिबातच नाही.

दुसऱ्या दिवशी खांदा घट्ट बांधून ब्लूई वेम्बलीला हजर झाला.

त्या रात्री ९० हजारांहून जास्त लोक होते. १९३६ च्या पहिल्या फायनलपेक्षाही जास्त गर्दी. समोर गतविजेता जॅक मिल्न होता, लॅमरो होता. बोनस पॉइंटची पद्धत अजून तशीच होती, म्हणजे ज्या गणिताने आधी मारलं होतं ते गणितही समोर होतंच. आणि वेदना कमी करायला गाडी हळू चालवावी म्हटलं तर या खेळात हळू चालवणाऱ्याचे दुप्पट हाल. गाडी वेगात असेल तरच नीट घसरते, वेग सोडला की ती सरळ कुंपणाकडे जायला बघते. म्हणजे दुखऱ्या खांद्यानेही थ्रॉटल पूर्ण उघडाच ठेवावा लागणार.

रेस संपल्या तेव्हा बोर्डावरचे आकडे होते, ब्लूई विल्किन्सन २२, जॅक मिल्न २१, विल्बर लॅमरो २०.

एका पॉइंटने आलं.

पैकीच्या पैकी मार्क मिळवूनही जे मिळालं नव्हतं, ते हाड मोडलेलं असताना मिळालं. बाथर्स्टच्या खाटकाच्या दुकानातला पोरगा आता जगाचा चॅम्पियन होता.

चॅम्पियन झाला आणि थांबला

यानंतर ब्लूईने जे केलं ते फार कमी खेळाडूंना जमतं. त्याने रेसिंग सोडलं. वय २७, फॉर्म जबरदस्त, पब्लिक डोक्यावर घेतेय, आणि हा पठ्ठ्या गाडीवरून उतरला.

१९३९ मध्ये तो शेफील्डच्या ट्रॅकचा प्रमोटर झाला. म्हणजे आता रेस करायची नाही, करवून घ्यायची. दहा वर्षं वेस्ट हॅममध्ये काढली होती, हॉस्किन्ससारखा माणूस जवळून बघितला होता, धंद्याच्या खाचाखोचा माहीत होत्या. फार्नडनसारख्यांचं काय झालं हेही त्याने बघितलं होतं. जिवंत आणि धडधाकट असताना बाजूला व्हायचं आणि याच खेळावर पुढचं आयुष्य काढायचं, हा हिशोब काही चुकीचा नव्हता.

पण सप्टेंबर उजाडला आणि महायुद्ध सुरू झालं. त्या वर्षीची वर्ल्ड फायनल ७ सप्टेंबरला व्हायची होती, ब्रिटनने ३ तारखेलाच युद्ध पुकारलं. फायनल रद्द. शेफील्डचा सीझनही तिथेच आटपला. ब्लूई ऑस्ट्रेलियाला परतला.

पुढची वर्ल्ड फायनल व्हायला १९४९ उजाडावं लागलं. त्यामुळे रेकॉर्डबुकात १९३८ च्या पुढे अकरा वर्षं दुसरं नावच नाही.

ब्लूईला ते बघायला मिळालं नाही.

२७ जुलै १९४० ला सिडनीच्या रोझ बे भागात तो मोटरसायकलवरून चालला होता. रेस नव्हती. ट्रॅक नव्हता, खडी नव्हती, दिवे नव्हते. साधा शहरातला डांबरी रस्ता आणि ब्रेक असलेली गाडी. तिथे अपघात झाला आणि ब्लूई विल्किन्सन गेला. त्याला २९ वं वर्ष पूर्ण व्हायला बरोबर एक महिना बाकी होता.

वेस्ट हॅमचं स्टेडियम पुढे बरीच वर्षं चालू होतं. १९७२ मध्ये ते बंद झालं, पाडलं गेलं आणि त्या जागेवर घरं उभी राहिली. आज तिथे गेलात तर ट्रॅकची एक खूणसुद्धा सापडणार नाही. पण वस्ती उभी करताना रस्त्यांना नावं द्यायची वेळ आली, तेव्हा तिथल्या लोकांनी राजे-राण्या शोधल्या नाहीत. एका गल्लीचं नाव ठेवलं हॉस्किन्स क्लोज. एकाचं ॲटकिन्सन रोड, एकाचं क्रूम्ब्स रोड. आणि त्यांच्याच शेजारी, पूर्व लंडनच्या ई १६ या पिनकोडमध्ये, एक विल्किन्सन रोड आहे.